गर्जनेलाही शिस्त असते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी ज्या आवाजाबद्दल बोलणार आहे, तो कानावर पडताच तुमच्यापैकी बरेच जण रेडिओचा कान पिळतील याची मला कल्पना आहे. म्हणून तो आवाज मी ऐकवणार नाही, नुसता सांगणार आहे. हा आवाज आहे इलेक्ट्रिक गिटारचा, आणि तोही मेटलकोर नावाच्या संगीतातला. जाड, खरखरीत, छातीवर येऊन आदळणारा. आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी खोलीचे दार लावून जे वाजवते आणि बाहेरून आपण "अरे, तो गोंगाट बंद कर" असे ओरडतो, तोच हा आवाज.

मी गेली २७ वर्षे नागपुरात साउंडचे काम करतो. लग्नातले ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सव, कीर्तने, शास्त्रीय मैफली, सगळीकडे मिक्सरमागे बसलो आहे. या कामाने मला पोट दिले, माणसे दिली, आणि डाव्या कानात एक बारीक शिट्टीही दिली. ती रात्री पंखा बंद असला की स्पष्ट ऐकू येते. तिच्याविषयी शेवटी बोलेन.

गोष्ट मे महिन्यातली आहे. रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. तो प्रतापनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चार मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. म्हणाला, "मामा, काहीतरी गडबड होऊन राहिली. घरी मस्त वाजते, अन् बँडसोबत वाजवलं की सगळा चिखल होऊन जाते. मी काय वाजवून राहिलो ते मलाच समजत नाही."

जुलैत त्यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आवाजाची तक्रार दोनदा केली होती. एक विषय राहिलाही होता. भाऊजींनी शांतपणे निकाल देऊन टाकला होता, की स्पर्धा झाली की गिटार विकायची. भाऊजी शब्दाचे पक्के. त्यामुळे भाच्याच्या दृष्टीने हे शेवटचेच वाजवणे होते, आणि ते चिखलात जाणार असे दिसत होते.

खरे सांगतो, तोवर मीही त्या संगीताला गोंगाटच समजत होतो. पण आवाजाचा चिखल होतो म्हटल्यावर माझ्यातला साउंडवाला जागा झाला. चिखल का होतो, ते शोधणे हा माझा धंदा आहे.

हे संगीत आहे तरी काय?

हेवी मेटल आणि हार्डकोर पंक या दोन प्रवाहांच्या मिश्रणातून मेटलकोर घडले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या किलस्विच एंगेज या बँडचा २००२ चा अल्बम या शैलीतला महत्त्वाचा मानला जातो. पण हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे समजू नका. मुंबईत १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनात हजारो मुले रॉक ऐकू लागली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते मोकळे नाट्यगृह अशा कार्यक्रमांना बंद झाले, पण मुले थांबली नाहीत. २००० साली डेमॉनिक रेझरेक्शन, २००३ साली भयानक मौत असे बँड मुंबईत उभे राहिले. स्क्राइब नावाच्या मुंबईच्याच बँडने २०१० साली 'मार्क ऑफ तेजा' आणि २०१४ साली 'हेल मोगॅम्बो' असे अल्बम काढले. नावे ऐकूनच लक्षात येईल, की ही आपल्याच हिंदी सिनेमावर वाढलेली मुले आहेत. भाच्याच्या बँडचे आदर्श हेच.

या संगीतात गिटारची सर्वांत जाड तार तळहाताच्या कडेने अर्धवट दाबून वेगाने छेडतात. प्रत्येक ठोका ड्रमच्या पायातल्या ठोक्याबरोबर पडावा लागतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे पूर्ण शांतता लागते. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा आवाज तुकड्या-तुकड्याने आणि स्वच्छ कडेने यावा लागतो. मुले याला 'टाइट' आवाज म्हणतात. मी 'कसलेला' म्हणेन. मधली शांतता भरून गेली की अडकित्त्याऐवजी पाटा-वरवंटा सुरू होतो. भाच्याचे नेमके तेच झाले होते.

जवारी आणि डिस्टॉर्शन

आता या खरखरीचे मूळ पाहू. गिटारचा नाजूक विद्युतसंकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वाढवला, की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात. गोल टेकडीचे सपाट पठार होते. या कापाकापीत मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर जन्माला येतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. किती वाढवायचे ते ज्या नॉबने ठरते, त्याला गेन म्हणतात.

सुरुवातीला हा दोष मानला जाई. मग काही जणांना त्यातच रस वाटला. अमेरिकेच्या लिंक रे यांनी १९५८ साली 'रम्बल' या वादनासाठी स्पीकरच्या कागदाला भोके पाडली. इंग्लंडमध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ च्या गाण्यासाठी स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यांची कहाणी तर कामगारवस्तीतली आहे. पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या दोन बोटांची टोके तुटली. त्यांनी प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांना चढवल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१ च्या अल्बममध्ये तारा खालच्या स्वरात उतरवल्या. त्यामुळे ताण कमी झाला आणि आवाज जड झाला. आजच्या मेटलचा जडपणा त्या दुखावलेल्या बोटांपर्यंत जातो.

आपल्याकडे उपस्वर फुलवण्याची कला फार जुनी आहे. तानपुऱ्याची जवारी आठवा. इथे जवारी म्हणजे भाकरीची नव्हे! घोडीचा माथा असा घासतात, की थरथरणारी तार त्याला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते आणि उपस्वरांचा मोहोर उठतो. मिरजेच्या कारागिरांचे हे कसब. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मैफलीआधी कलावंत तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवत बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत. दोरा नसला तर आवाज मुका, जागा चुकली तर नुसती झणझण. गेनचा नॉब त्या दोऱ्यासारखा हाताळायचा असतो. भाच्याने तो दहापैकी नऊवर नेऊन ठेवला होता.

आणखी एक साम्य पाहा. या मुलांची एक प्रचलित जुळणी आहे, तिला ड्रॉप सी म्हणतात. त्यात गिटारच्या खालच्या तीन तारा चक्क सा, प आणि वरचा सा अशा लागतात. एका बोटात तिन्ही वाजवता येतात. डिस्टॉर्शनमध्ये हीच जोडी का चालते? कारण डिस्टॉर्शन दोन स्वरांच्या मिश्रणातून आणखी नवे स्वर काढते. सा आणि प यांच्यातून निघणारे नवे स्वर त्याच कुटुंबातले असतात. गंधार मिसळला, की गिटारच्या पडद्यांच्या जुळणीतला बारीकसा फरकही मोठा होऊन कानाला टोचतो.

घरचा आवाज, मंचावरचा आवाज

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सरावाच्या जागी गेलो. त्रिमूर्तीनगरातल्या एका मित्राच्या गच्चीवरची खोली. बाहेर ४५ अंशांचे ऊन, आत कूलर, भाड्याने आणलेला अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला. मुलांनी वाजवायला सुरुवात केली आणि मी दोन मिनिटांत हात वर केला.

भाचा घरी लॅपटॉपवर वाजवतो. आता अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या हुबेहूब नकला सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. घरी रात्री हळू आवाजात, एकट्याने बसून त्याने जे नॉब बसवले, तेच आकडे त्याने खऱ्या अ‍ॅम्पवर उतरवले. बेस आठ, ट्रेबल आठ, मधला मिडल शून्याजवळ.

यात त्याच्या कानांचा दोष नव्हता. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले होते, की आवाज हळू असला म्हणजे माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून हळू आवाजात आपण बेस आणि ट्रेबल वाढवतो आणि खूश होतो. तोच आवाज मंचावर मोठा केला, की कानाला ते खालचे स्वर पूर्ण ऐकू येऊ लागतात. वाढवलेला बेस मग पुरासारखा पसरतो. त्यात बेस गिटार आणि ड्रम आपापल्या खालच्या स्वरांसह उभेच असतात. ड्रॉप सीमधली सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ६५ कंपनांची. ती जागा मुळात बेस गिटारची आणि ड्रमची. गिटारने आपले घर मधल्या स्वरांत बांधायचे असते, आणि भाच्याने तेच घर शून्यावर आणून मोडले होते.

दुसरी गंमत अ‍ॅम्पच्या जागेची. अ‍ॅम्प जमिनीवर, कान पाच फुटांवर. स्पीकरमधून येणारे तीक्ष्ण स्वर सरळ रेषेत पुढे जातात. ते वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. मग वादक ट्रेबल आणखी वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान फाटतात. मी अ‍ॅम्प उचलून स्टुलावर ठेवला. भाचा दचकून म्हणाला, "मामा, इतकं कर्कश्श आहे का हे?" म्हटले, "बाबा, लोक हेच ऐकत होते."

निथळलेला साबुदाणा

मग आम्ही एकेक गोष्ट हाती घेतली. सुरुवात वाद्यापासून. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, कूलरच्या ओलाव्यात फुगते. भाच्याची गिटार रात्रभर कूलरसमोर उभी असायची आणि दिवसा कोरड्या हवेत. तिची मान रोज थोडी वाकत-सरळ होत होती. मानेतल्या लोखंडी सळीचा नट पाव फेरी फिरवून ती ताळ्यावर आणली. तारा हलक्या होत्या. स्वर उतरवला की हलकी तार ढिली पडते आणि जोरात छेडली की तिचा स्वर क्षणभर वर चढतो. जाड तारांचा संच आणला. पुढे पावसाळा लागला तेव्हा ही सारी जुळणी पुन्हा एकदा करावी लागली, हे गिटारवाल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

खोलीत सतत एक घूंऽऽ होती. कूलरची मोटर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर, आणि बोर्डाला अर्थिंगचा पत्ता नाही. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर गिटारच्या पिकअपमध्ये शिरते. १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट गुंडाळ्या जोडून ही घरघर बरीचशी मारणारा पिकअप केला. भाच्याच्या गिटारवर तसाच होता, म्हणून निदान निभावत होते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले. हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. लोखंडी तारांवर बोटे ठेवून उभे राहणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

मग आला मुख्य मुद्दा. मी भाच्याला विचारले, "घरी साबुदाण्याची खिचडी कशी करतात?" तो बघतच राहिला. साबुदाणा भिजवला की पाणी निथळून घ्यावे लागते. निथळला नाही, तर कढईत गोळा होतो, आणि मग कितीही ढवळा, दाणा सुटा होत नाही. डिस्टॉर्शन म्हणजे ती कढई. खालचे जड स्वर अ‍ॅम्पला सर्वांत आधी गुदमरवतात आणि त्यांच्या गोळ्यात बाकीचे बारकावे बुडतात. अ‍ॅम्पवरचा बेसचा नॉब पुष्कळदा कढईनंतर लागतो. तिथे बेस कमी करून गोळा सुटत नाही. बेस निथळायचा तो कढईच्या आधी.

यासाठी जगभरचे मेटलवाले एक युक्ती करतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये एक छोटे हिरवे पेडल निघाले, आयबानेझ ट्यूब स्क्रीमर. मुळात ते सौम्य खरखर देण्यासाठी होते. मेटलवाले त्याचा खरखरीचा नॉब शून्यावर ठेवतात आणि बाहेर सोडण्याचा नॉब पूर्ण उघडतात. हे पेडल खालचे स्वर छाटते, मधले थोडे उचलते आणि मग संकेत अ‍ॅम्पमध्ये ढकलते. पीव्ही कंपनीचा १९९२ सालचा ५१५० अ‍ॅम्प या जोडीमुळे मेटलवाल्यांचा लाडका झाला. आमच्याकडे तो अ‍ॅम्प नव्हता. तसले हिरवे पेडल मात्र भाच्याच्या मित्राकडे धूळ खात पडले होते.

ते लावले. अ‍ॅम्पचा गेन नऊवरून साडेचारवर आणला. बेस चार, मिडल सहा, ट्रेबल साडेपाच. हे आकडे मंत्र नव्हेत, प्रत्येक अ‍ॅम्पचा स्वभाव वेगळा असतो. दिशा मात्र तीच राहते. बँडमध्ये गिटार दोन होत्या. दोघांचा गेन एकत्र ऐकू येतो, म्हणून प्रत्येकाने एकट्याला पुरेसा वाटतो त्यापेक्षा कमीच ठेवायचा. रेकॉर्डिंगमध्येही जाड आवाज हवा असेल, तर गेन वाढवण्याऐवजी तेच वादन दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात.

शेवटी नॉइज गेट. हे यंत्र आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार लावून घेते, म्हणजे मधली सळसळ बंद. पण दार फार लवकर लावले तर लांबणारा स्वरही अर्ध्यात तुटतो. पाहुणा चपला घालतोय तोवर दार लावण्यातला प्रकार. गेन उतरवल्यावर गेटला कामच थोडे उरले.

पांघरूण काढल्यावर

मी म्हटले, वाजव. त्याने वाजवले. त्याचा चेहरा उतरला. "मामा, दमच नाही राहिला याच्यात."

आवाज आता स्वच्छ होता, आणि म्हणूनच त्याचा हात ऐकू येत होता. चार ठोक्यांतला एक उशिरा पडत होता. तळहाताची कड कधी घोडीपुढे सरकून तार पार मुकी करत होती, तर कधी मागे राहून तार मोकळी सोडत होती. गेनच्या पांघरुणाखाली हे सगळे दोन वर्षे झाकले गेले होते. त्याला वाटत होते आपण वेगात वाजवतो. प्रत्यक्षात अ‍ॅम्प सगळे ठोके एकमेकांना चिकटवून देत होता.

बँडमधल्या बाकीच्यांसमोर हे उघडे पडले याचे त्याला फार वाईट वाटले. तो गप्प बसला. मला तबला शिकणारी मुले आठवली. खुला बोल कोणीही दणकावतो. बंद बोल नेमका दाबायला आणि नेमका सोडायला वर्ष जाते. त्याला म्हटले, "तुझी ही दाबलेली तार म्हणजे बंद बोल आहे. तो यंत्र नाही देत, हात देतो." घरी गेल्यावर त्याने गेन पुन्हा नऊवर नेला असता तर मी काही करू शकत नव्हतो. पण त्याने नेला नाही.

सात आठवडे त्याने मेट्रोनोम लावून, मिनिटाला ८० च्या संथ गतीने, नुसते खाली येणारे ठोके वाजवले. पातळ पिक टाकून जाड पिक घेतली. लॅपटॉपला हेडफोन लावला, त्याचाही आवाज मोजका. बाहेर ऐकू येई ती फक्त तारेची टिकटिक. एका संध्याकाळी खालच्या आजी जिन्यात भेटल्या आणि माझ्या बहिणीला म्हणाल्या, "पोरानं गिटार सोडली का वं? बरेच दिवस झाले, आवाज नाही." बहीण म्हणाली, "नाही हो आजी, आत्ता कुठं शिकून राहिला."

कानाचे देणे

आता त्या शिट्टीबद्दल. माझ्या तरुणपणी मंचाच्या कडेला भोंग्यासमोर तासन्‌तास उभे राहणे ही मर्दुमकी वाटायची. कार्यक्रमानंतर कान दडे बसायचे, सकाळी उघडायचे. एके सकाळी डावा पूर्ण उघडला नाही. अंतर्कर्णातल्या संवेदक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. छोट्या खोलीत ड्रम आणि दोन अ‍ॅम्प लावून वाजवले की १०० सहज गाठतात. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ती शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहे. स्वतःच्या कानांची मर्यादा स्वतःलाच घालावी लागते.

मी हे फक्त मेटलवाल्या पोरांना सांगत नाही. आपल्या नागपुरात धुमाळ आणि संदलचे ठेके रस्ताभर घुमतात, मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती चालतात, आणि तिथे आपण कौतुकाने नाचतो. मग एका पोराच्या खोलीतला आवाज तेवढा गोंगाट का? दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. आवाज मोठा केला की तो भारी होतो, असे आपण धरून चाललो आहोत. मेटलकोरच्या गिटारने मला उलट शिकवले. ऐकणाऱ्याला जो धक्का बसतो, तो ठोक्याआधीच्या शांततेमुळे बसतो. ती शांतता राखली, तर आवाज थोडा लहान असूनही छातीवर येतो.

म्हणून सरावाच्या खोलीत आम्ही नियम केला. ड्रम सोडून बाकी सगळ्यांनी ड्रमपेक्षा वर जायचे नाही, पाऊण तासाने दहा मिनिटे बाहेर गच्चीवर बसायचे, आणि कानात बोळे घालायचे. मेडिकलच्या दुकानात मिळणारे साधे फोमचे बोळेसुद्धा चालतात. पहिल्या दिवशी मुले हसली. आठवडाभराने ड्रमवाला म्हणाला, बोळे घातल्यावर मला बाकीच्यांचे नीट ऐकू येते.

जुलैतली संध्याकाळ

स्पर्धेच्या दिवशी दुपारपासून पाऊस होता. मी मिक्सरमागे नव्हतो, प्रेक्षकांत बहिणीशेजारी बसलो होतो. भाऊजी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मुलांनी वाजवायला सुरुवात केली आणि मधल्या एका जागी, जिथे सगळी वाद्ये एकदम थांबतात आणि पुन्हा एकदम कोसळतात, तिथे संपूर्ण सभागृह अर्धा क्षण गप्प झाले. पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मग ठोका पडला. बहिणीने माझा हात दाबला. तिला त्या संगीतातले काही कळत नाही. म्हणाली, "आज पहिल्यांदा समजलं, हा मोजून वाजवते म्हणून."

त्यांना क्रमांक मिळाला नाही. गायक मुलगा दुसऱ्या गाण्यात घसरला, आणि दुसरा एक बँड खरोखरच चांगला वाजला. भाचा सामान आवरत होता तेव्हा भाऊजी मंचाजवळ आले. मला वाटले आता गिटारचा विषय निघणार. त्यांनी अ‍ॅम्पचे एक हँडल धरले, मुलाला दुसरे धरायला सांगितले, आणि गाडीकडे जाताना विचारले, "तुझ्या मामानं त्या दिवशी हे स्टुलावर ठेवलं होतं म्हणत होतास. आज जमिनीवर का होतं?" भाचा म्हणाला, "इथं स्टूल नव्हतं बाबा." भाऊजी म्हणाले, "पुढच्या वेळी घरचं घेऊन जाऊ."

राहिलेला विषय त्याला अजून काढायचा आहे. तो करार कायम आहे, आणि तो असायलाच हवा. गिटार मात्र अजून घरात आहे.

श्रोतेहो, तुमच्याही घरात असे बंद दार असेल, तर एकदा टकटक करून आत जा. ओरडण्याआधी विचारा, की बाबा रे, तुझा गेन किती वर आहे? त्याला आश्चर्य वाटेल. मग त्याच्याजवळ बसा, तो नॉब त्याच्याच हाताने थोडा खाली करवून घ्या, आणि दोघे मिळून ऐका. काय वाजते आहे ते तेव्हा तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.